दोन पाट्यांच्या मध्ये

निरंजनचा निरोप रात्री दीडला आला.
त्याच्याकडे दुपार कलत असणार.
"मावशी, आज बोलिव्हिया सुटलं.
एक शिक्का घाटाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे,
मधले सात किलोमीटर कुणाचेच नाहीत.
तिथे बसून मी एक केळं खाल्लं."
पुढचं वाक्य वारा बोलला.
दोनदा ऐकलं, तरी वाराच.

पहाटे सहाला दौलतगंजातून सायकल काढली.
कानटोपी, दोन स्वेटर, पंप, सुमनची वही.
शितोळे काकू गॅलरीतून वाकल्या:
"इतक्या थंडीत कुठे?"
"धौलपूरला."
"अगं बाई, कोण गेलं?"
आमच्याकडे दुसऱ्या राज्यात माणूस
उगाच जात नाही.
लग्न लागतं, नाहीतर मयत.

पुरानी छावनीपर्यंत धुकं इतकं
की पुढचा ट्रक आधी ऐकायचा, मग दिसायचा.
बानमोरला बाभळीचा काटा.
पंक्चरवाला पोरगा ट्यूब पाण्यात दाबताना म्हणाला,
"मैडम, गाड़ी छूट गई का?"
त्याला बोलिव्हियाचं काय सांगणार?
म्हटलं, हो रे. छूट गई.

नूराबादचा जुना पूल डाव्या हाताला ठेवून,
मुरैन्यात गजक कुटणाऱ्या घणांची धपधप,
पाव किलोचा पुडा कॅरिअरला,
आणि मग दोन्हीकडे मोहरी.
पिवळी. काही ठिकाणी नुसती पिवळी,
काही ठिकाणी पिवळ्याला मधमाश्यांचा आवाज.
गुडघा दुखतोय हे मला तिथे कळलं.
साठीनंतर बातम्या उशिराच पोचतात.

मोहरी संपते, बीहड लागतात.
जमीन जणू कुणी मुठीत चुरगाळून
पुन्हा उलगडायला विसरलं.
वाळूचे ट्रॅक्टर हॉर्न देत गेले, नंबर नसलेले.
पुलाआधी पाटी: मध्य प्रदेश शासनाकडून धन्यवाद, पुन्हा या.
जन्मापासून इथेच आहे मी,
पहिल्यांदाच कुणी आभार मानले.

पुढची पाटी पलीकडच्या टोकाला.
मधे चंबळ.
मी कठड्याला सायकल टेकवली.
फोनची एक कांडी आली, गेली,
त्यालाही ठरवता येईना.
खाली वाळूच्या जिभेवर दोन घडियाल,
तोंड उघडं टाकून ऊन खात होते,
शेपटी कुठल्या राज्यात, विचारायची सोय नाही.
केळं नव्हतं. गजक काढली.
तीळ दाढेत अडकला तो धौलपूरपर्यंत.

धौलपूरच्या पोस्टात हरचरण कुशवाह.
चष्मा कपाळावर, शेगडी टेबलाखाली.
मी वही पुढे केली. म्हटलं, मोहर लावा.
"काहे की?"
"ग्वालियर से साइकल पे आई हूँ."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून सायकलकडे,
मग वहीकडे.
वहीत सुमनच्या अक्षरात दुधाचा हिशेब.
तेरा मार्च, एक लिटर.
चौदा मार्च, दीड. पाहुणे.
त्यानंतर पान कोरं.
"इस पे लगा दूँ?"
"इसी पे."

शिक्का त्यांनी जोरात मारला, शेगडीतली राख हलली.
बाहेर येऊन पाहिलं:
तारीख कालची होती.
सकाळी बदलायची राहिली असणार.
म्हणजे सरकारी हिशेबाने
निरंजनचा निरोप यायच्या आधीच,
गोधडीत पाय पोटाशी घेऊन मी झोपले होते तेव्हाच,
मी पलीकडे पोचलेली होते.

परत जाऊन सांगावं असं वाटलं.
नाही सांगितलं.
फोटो काढून निरंजनला पाठवला:
दूध, चौदा मार्च, आणि खाली गोल शिक्का.
तिकडे अजून उजाडलेलं नव्हतं.

परतीची पॅसेंजर साडेचारला.
सायकलचं तिकीट वेगळं लागतं म्हणाले.